खिळ्यांचा बोर्ड: घरी ठोकावा, विकत घ्यावा की मोबाइलवर दाखवावा?

दहावीची मुलं संभाव्यतेच्या प्रकरणात नमुना अवकाश (म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी) घडाघडा लिहितात. पण रांगांनी खिळे ठोकलेल्या उतरत्या बोर्डवर गोट्या वरून सोडल्या तर खाली ढीग मधल्याच कप्प्यांत का साचतो, असं विचारलं की गप्प. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने 1870च्या दशकात हेच अशा बोर्डवर दाखवलं होतं. गोटी प्रत्येक खिळ्याला आपटून डावीकडे नाहीतर उजवीकडे वळते, बस्स.

तयार अ‍ॅक्रिलिकचा बोर्ड सकाळच्या लोकलमध्येही पिशवीत सुखरूप राहतो. उलटा केला की बारीक छर्रे झरझर उतरून घंटेचा आकार घेतात. दिसतो सुरेख, पण एकटा छर्रा कुठून कुठे गेला ते कळत नाही. मुलं 'वा!' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

मोबाइलवर फेट (PhET) या संकेतस्थळाचं प्लिंको सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा असाच बोर्ड, फुकट आहे. रांगा बदला, उजवीकडे वळण्याची शक्यता 0.5 ऐवजी 0.7 करा, ढीग सरकलेला लगेच दिसतो. तास एकच असेल तर हेच वापरा. मात्र एखादं चलाख कार्टं म्हणतंच, "सर, प्रोग्रॅमच तसा लिहिलाय!" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मी जुना कॅरम बोर्ड घेतला. 8 रांगांत 36 चुका ठोकल्या (खिळे हो, गणितातल्या नव्हेत), खाली पुठ्ठ्याचे 9 कप्पे. काचेच्या गोट्या कमीजास्त जाडीच्या निघतात, म्हणून मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून 10 मिमीचे बेअरिंगचे छर्रे आणले. दोन चुकांमधली फट 15 मिमी ठेवली. उतार अगदी कमी हवा, नाहीतर छर्रा वेग घेऊन रांगाच चुकवतो. दोन रविवार गेले, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ठोकाठोकी ऐकून दोनदा वर आल्या.

वर्गात पहिल्याच फेरीत ढीग उजवीकडे कलला. मी ओशाळलो, पण मुलं कामाला लागली. एकीने छर्रा नुसताच टेबलावर ठेवला, तो गडगडत उजवीकडे गेला. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. तरी थोडा कल राहिलाच, तेव्हा दुसऱ्या रांगेतली वाकडी चूक सापडली. हे मोबाइलवर कधीच घडलं नसतं.

मग मोजणी. आठ रांगांतून खाली यायच्या वाटा 256, त्यांतल्या मधल्या कप्प्याकडे जाणाऱ्या 70. (आठ अक्षरांच्या चरणात बरोबर चार गुरू असलेल्या रचनाही 70च. अशा मोजणीच्या आकड्यांचा त्रिकोण म्हणजेच छंदशास्त्रातला मेरुप्रस्तार. आमच्या मराठीच्या बाईंना हे फार आवडलं.) मुलांनी आधी वहीत अंदाज लिहिले, मग 64-64 छर्ऱ्यांच्या चार फेऱ्या झाल्या. मध्ये आले 63. "सत्तर का नाहीत?" यावर उरलेला तास गेला, आणि तोच तास मला हवा होता.

तेव्हा दोन तास आणि कपाटात जागा असेल तर घरचाच बोर्ड. विकतचा घेऊ नका. आणि मुंबईच्या शाळेत ती कपाटातली जागाच नसेल, तर प्रत्येकाने नाणं आठदा उडवायचं, छापे मोजायचे आणि फळ्यावर त्या आकड्याच्या रकान्यात एक फुली मारायची. साठ मुलं म्हणजे साठ छर्रे.