जुन्या गाडीसाठी मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज: किट घ्यावं का आणि काटा कसा वाचावा

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा जुनी मारुती 800 अजून नेमाने चालवणाऱ्या इंदूरकरांनी 52 मिलिमीटर डायलचं, 0 ते 100 पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब) हे साधं मेकॅनिकल किट जरूर घ्यावं. फक्त त्यातली नायलॉनची नळी वापरू नये.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत प्रेशर 4 ते 7 पीएसआयवर आल्यावरच पेटतो. बेअरिंग वाचवायला तो इशारा फार उशिराचा. या डायलमध्ये वाकवलेली पितळी नळी असते. ऑइलच्या दाबाने ती सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. वायर नाही, अर्थिंगची भानगड नाही. इलेक्ट्रिक गेजमध्ये सेंडर (इंजिनावर बसून दाब टिपणारा भाग) 10 ते 180 ओहमचा आणि डायल 240 ते 33 ओहमची अशी बेमेल जोडी लागली, तर काट्यावर विश्वासच ठेवता येत नाही.

नायलॉनची नळी एक्झॉस्टच्या उष्णतेने कडक होते, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकाशी घासते, आणि फुटली की उकळतं ऑइल थेट पायांवर. त्याऐवजी तांब्याची नळी, पितळी फेरूल (जोड आवळणारी बारीक कडी) आणि भोकात रबरी ग्रॉमेट (नळी घासू नये म्हणून कडेला बसणारी चकती) घाला. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये नळीचे दोन-तीन सैल वेढे ठेवा, नाहीतर हादऱ्यांनी तांबं कडक होऊन चिरतं. हे सामान सियागंजात शोधावं, पण आटे मोजून घ्यावेत, कारण ते दोन मापांत येतात, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी: 1/8 बीएसपीला इंचाला 28 आटे, 1/8 एनपीटीला 27. बेमेल जोडीत एक-दोन फेरे बसतात, मग अडतं. तिथे पाना जोरात फिरवला तर ब्लॉकचे आटे गेलेच. टी (तीन तोंडांचा जोड) लावून लाल दिव्याचा स्विचही जागेवर राहू द्या.

बसवण्याआधी गेज टायरवाल्याच्या कंप्रेसरवर चांगल्या मीटरशी ताडून बघा. 100 च्या डायलमध्ये 3 टक्के चूक धरली तर ती 3 पीएसआय होते. 50 वर ती किरकोळ, पण स्लोवर (गाडी उभी, इंजिन रिकामं चालू असताना) 10 दाखवणारा काटा खरा 7 असू शकतो. म्हणून 10 आणि 15 वर जरूर तपासा.

आता वाचन. थंड इंजिनाचा आकडा पाहून खूश होऊ नका. घट्ट ऑइल कुठल्याही झिजलेल्या इंजिनाला 60 दाखवून देतं. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल मागेच असतं, तेव्हा निदान अर्धा तास गाडी चालवा. सिमरोलपुढचा भेरूघाट चढून आलात तर उत्तम. मग स्लो, 2000 आणि 3000 आरपीएमचे आकडे वहीत लिहा. आरपीएम मीटर नसेल तर मिस्त्रीकडचा टॅकोमीटर कॉइलला लावा. ढोबळ हिशेब दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय. अंतिम शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.

गरम स्लोवर प्रेशर पडतं पण रेसवर (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर) नीट चढतं, तर बहुधा मेन किंवा बिग एंड बेअरिंगची (क्रँकशाफ्टला आणि कनेक्टिंग रॉडला आधार देणाऱ्या बेअरिंगची) फट वाढली आहे. सगळीकडेच कमी असेल तर चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडण्याआधी रिलीफ वाल्व (जादा दाब सोडून देणारा वाल्व) बघा. अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनात तो ब्लॉकच्या मागच्या बाजूला, घुमटाकार नटाखाली मिळतो; प्लंजरखाली कचरा अडकला तरी प्रेशर जातं. रेसवर आधी चढून मग पडतं, तर स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची जाळी) तुंबला असावा. वळणावर काटा खाली झुकला तर आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा.

डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, अशी जोडी दिसली तर मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटलेला असण्याची शक्यता मोठी. पेट्रोल चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. यात गॅरेजवाले बऱ्याचदा उगाच बेअरिंगवर घसरतात.

दाट ऑइल किंवा अ‍ॅडिटिव्ह ओतून काटा वर आणणं हा इलाज नाही. दाब वाढतो, पण बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतं कमी, आणि झीज तिथेच राहते. मे महिन्यात राजवाड्याच्या गर्दीत काटा 10 च्या खाली रेंगाळत असेल, तर लांबच्या प्रवासाआधी चेंबर उतरवून बेअरिंग मोजून घ्या.