नव्या फ्लॅटला ओल आलीय: बिल्डरच्या मागे लागावं, महारेरात जावं की ग्राहक आयोगात?

पहिल्याच पावसाळ्यात खिडकीखाली हातभर ओल दिसली की आपण साइट सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो. ‘माणूस पाठवतो साहेब’ असं उत्तर येतं. माणूस येतोही, पुट्टी भरून रंगाचा हात फिरवतो आणि जातो. पुढच्या जुलैत डाग तिथेच, जरा वाढलेला. आमच्याकडे हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा कुठली वाट धरायची हे एकाच गोष्टीवर ठरतं: तुम्हाला काम करून हवंय की पैसे हवेत?

काम करून हवं असेल तर सुरुवात बिल्डरपासूनच करा, पण कागदावर. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. यात बांधकामाच्या ढाच्यासोबत कारागिरी, दर्जा आणि सेवा-सुविधांमधले दोषही येतात. म्हणजे पोकळ वाजणाऱ्या टाइल्स आणि गळणारं बाथरूमही आलं. ‘आमची जबाबदारी फक्त स्ट्रक्चरची’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. ते सोडून द्या. मात्र हौसेने बाथरूम फोडून नव्या टाइल्स बसवल्या असतील, तर बिल्डर तिकडेच बोट दाखवणार. तक्रार नोंदवण्याआधी तोडफोड नको.

पत्रात ‘ओल आहे’ एवढं लिहून भागत नाही, कारण शोधून लिहा. ओल फक्त पावसातच येत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा खिडकीच्या चौकटीचे सांधे तपासा. छताला असेल तर वरच्या फ्लॅटवाल्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूमची नहाणी बंद करा आणि दोन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवा. खाली डाग वाढला तर वॉटरप्रूफिंग किंवा नहाणीच्या पाइपाचा सांधा गेलाय. बारा महिने, कोरड्या दिवसांतही ओल असेल तर भिंतीतल्या पाण्याच्या पाइपावर संशय घ्या. कारण लिहून मागितलं की पुट्टीवाला माणूस पाठवून वेळ मारून नेणं अवघड होतं.

३० दिवस उलटले आणि काही हाललं नाही, तर महारेरा, म्हणजे याच कायद्याखालचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण. तक्रारीची फी ५,००० रुपये, अर्ज ऑनलाइन. मला इथली सर्वांत उपयोगी सोय वाटते ती सलोखा मंचाची. तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा माणूस दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवतो. गळती काढून घ्यायचीय आणि बिल्डर अजून त्याच भागात फ्लॅट विकतोय, तर ही वाट बरी. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा, महारेरातल्याच न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे. कायद्यात त्याला ६० दिवस दिलेत, पण तारखा पडतात हे धरून चला. खरा कमकुवत दुवा वसुलीचा आहे. आदेश पाळला नाही तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. पुढचं तुम्ही जाणताच.

ग्राहक आयोगाची फी त्यामानाने किरकोळ आहे, आणि आदेश मोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे पैशांच्या मागणीसाठी मला इथला धाक जास्त वाटतो. पण एक गोम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची पायरी तुमच्या नुकसानीवर नाही, फ्लॅटसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटमधल्या ६० हजारांच्या गळतीसाठी थेट राज्य आयोग! एवढ्यासाठी वकील करणं परवडतं का, हा हिशेब आधी करा. मुदतही वेगळी: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

स्विच बोर्डात पाणी उतरत असेल तर यातली कुठलीच वाट संपेपर्यंत थांबू नका. बिल्डरला नोटीस द्या, स्वतंत्र इंजिनिअरचा सहीशिक्क्याचा अहवाल घ्या, फोटो काढा आणि काम करून घ्या. पक्की बिलं ठेवा. हा खर्च मागायला आयोग किंवा न्यायनिर्णय अधिकारी आहे. दोन्हीकडे एकदम जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रेरा असतानाही ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असल्याचं मान्य केलंय. पण एकाच मागणीसाठी दोन दारं ठोठावली की बिल्डरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

काहींपुढे निवडीचा प्रश्नच नसतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या किंवा ८ पर्यंत फ्लॅटच्या इमारतीला रेरा नोंदणीची सक्ती नाही. मे २०१७ पूर्वीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीही त्यातून सुटल्या. अशा ठिकाणी सरळ ग्राहक आयोगाचा विचार करा.

गच्ची किंवा बाहेरची भिंत सामायिक असते, तेव्हा ती तक्रार सोसायटीच्या लेटरहेडवर गेलेली बरी. आणि ५ वर्षं मोजताना ताबापत्रावरची तारीख धरा, वास्तुशांतीची नव्हे. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत या दोन तारखांमध्ये ११ महिन्यांचं अंतर होतं.