व्हीआर हेडसेट: रिझोल्यूशन नंतर, आधी ट्रॅकिंग बघा

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटचा विषय निघाला की लोक आधी रिझोल्यूशन विचारतात. कित्येक महिने जवळजवळ रोज वापरून माझं मत पक्कं झालंय: हेडसेट डोक्याची हालचाल कशी टिपतो (म्हणजेच ट्रॅकिंग), मान वळली की चित्र किती लवकर आणि किती नेमकं वळतं, यावर सगळं ठरतं. हा उशीर साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत राहायला हवा, नाहीतर डोळे एक सांगतात, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय दुसरंच, आणि पोटात ढवळायला लागतं.

माझा आधीचा हेडसेट फक्त मान फिरवलेली ओळखायचा. टेबलाखाली वाकून बघावं तर अख्खं टेबल आपल्याबरोबर खाली! आताच्याला डोकं पुढे-मागे, वर-खाली सरकलेलंही कळतं. आभासी इंजिनापाशी गुडघ्यावर बसून खालचा बोल्ट बघता येतो, इंजिन तसूभरही हलत नाही. 1968 मध्ये संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांच्या हेडसेटला डोक्याची जागा मोजायला छतापासून यांत्रिक दांडा जोडावा लागला होता. आज ते काम हेडसेटवरचेच कॅमेरे करतात, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

आतले जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर (वळणं आणि वेगातला बदल मोजणारे सेन्सर) अतिशय चपळ असतात, पण त्यांची बारीक चूक साठत जाते. कॅमेरे खोलीतले कोपरे, कडा, चित्रं हेरून ती चूक सतत पुसत राहतात. त्यामुळे खोली कशी आहे याला फार महत्त्व. कोऱ्या पांढऱ्या भिंती, मोठा आरसा किंवा मंद दिवा असला की जमीन हळूच सरकल्यासारखी वाटते, कधी ट्रॅकिंगच तुटतं. मी आरशावर चादर टाकतो, मोकळ्या भिंतीवर दोन पोस्टर लावलीत; फरक लगेच जाणवला. चालत्या गाडीत मात्र साध्या मोडमध्ये वापरू नका. कॅमेऱ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो, सेन्सरना वळणं आणि ब्रेक जाणवतात, आणि चित्र भरकटतं.

पट्ट्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ट्रॅकिंग होतं ते हेडसेटचं, डोक्याचं नव्हे. पट्टा सैल असेल तर झटकन मान वळवल्यावर हेडसेट किंचित मागे राहतो आणि चित्र लटपटतं. सोबत आलेला कापडी पट्टा बदलून मागून चाकाने आवळायचा घेतला, तेव्हापासून जोरात हालचालीचे खेळही निर्धास्त खेळतो. विकत घेण्याआधी हेडसेट घालून मान जोरात हलवून बघा, आणि खाली वाकूनही.