टोपणनावाच्या पत्त्यावर मेल घेताना: एका गळीत हंगामाचा अनुभव

उसाचे वजनकाटे आणि थकलेली बिलं यांवर मी एका पाक्षिकात टोपणनावाने लिहिते. सदराखाली ई-मेलचा पत्ता छापलेला असतो. कारखान्यांचे बॉयलर पेटले की त्या पत्त्यावर पत्रं यायला लागतात. कोल्हापूर जिल्ह्यात उसावर लिहायचं आणि ओळख झाकून ठेवायची, हे अवघड काम आहे. इथे ‘कुठल्या गावचे, कुणाच्यातले’ हे पहिल्या दोन वाक्यांतच विचारलं जातं. आमच्या घरचाही ऊस कारखान्याला जातो. माझं नाव बाहेर आलं तर तोडीसाठी हेलपाटे सासऱ्यांना मारावे लागतील. त्यामुळे ही व्यवस्था मी बरीच शोधाशोध करून उभी केली, आणि पूर्ण हंगाम वापरल्यावर आता तिच्याबद्दल लिहितेय.

मुळात मी वापरते ती एक ओपन सोर्स एलियस सेवा. तिच्याकडून हवे तेवढे खोटे पत्ते मिळतात. त्यांवर आलेली मेल ती माझ्या खऱ्या मेलबॉक्सला पाठवते, आणि मी दिलेलं उत्तरही टोपणपत्त्यावरूनच बाहेर जातं. पीजीपी ही मेल कुलूपबंद करायची पद्धत. तिची माझी सार्वजनिक किल्ली, म्हणजे जिने कुणीही कुलूप लावू शकतं पण ते उघडता फक्त मला येतं, तिथे दिलेली आहे, त्यामुळे पुढे येणारा मजकूर कुलूपबंद होऊन येतो. विषयाची ओळ पीजीपी झाकत नाही. ती बदलून सगळीकडे एकच साधा शब्द टाकायची सोय या सेवेत आहे, ती मी पहिल्याच दिवशी चालू केली. एवढं तासाभरात होतं. पत्र पाठवणाऱ्यापासून लपायचं असेल तर एवढं पुरतंही.

माझी काळजी मात्र पाठवणाऱ्याची कधीच नव्हती. पत्र उचलताना मला कोण बघतं, हा माझा प्रश्न होता.

एलियस सेवा चालवणाऱ्याकडे एक तक्ता असतो: हे टोपणनाव, हा खरा पत्ता. हा तक्ता काय करू शकतो ते फार पूर्वी दिसून गेलं आहे. फिनलंडच्या योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ मध्ये पेनेट नावाची निनावी मेलसेवा सुरू केली. माणूस प्रामाणिक होता, सेवा फुकट होती. तरी १९९५ मध्ये पोलिसी आदेशापुढे त्यांना एका वापरकर्त्याचा खरा पत्ता द्यावाच लागला, आणि १९९६ मध्ये त्यांनी सेवा बंद केली. तक्ता अस्तित्वात असला की चालकाच्या सचोटीवर सगळं अवलंबून राहत नाही. शिवाय पीजीपीचं कुलूपही सेवेकडे मेल पोचल्यावर लागतं. त्याआधी तिथे ती उघडीच असते. सेवा निवडताना लोक किंमत बघतात, ॲप बघतात. मी आधी हा तक्ता कुठे राहतो आणि त्यात माझा कुठला पत्ता आहे ते बघते. माझ्या बाबतीत त्यात फक्त एक वेगळा मेलबॉक्स आहे. तो टॉरवरून, म्हणजे जोडणी कुठून होते ते झाकणाऱ्या जाळ्यातून उघडलेला, आणि टॉरशिवाय त्याला मी कधी हात लावत नाही.

स्वतःचं डोमेन घेऊ नका, निदान या कामासाठी तरी. नोंदणीला आणि पैसे भरायला नाव लागतं, त्यावरचे सगळे टोपणपत्ते एकाच माणसाचे हे उघड दिसतं, आणि नूतनीकरण चुकलं तर ते डोमेन दुसरा विकत घेऊन तुमची पत्रं वाचू शकतो. हजारो लोक वापरतात त्या सामायिक डोमेनवरचा पत्ता बरा.

या विषयात डोकं घातल्यावर मला सगळ्यात आवडली ती जुनी संशोधनं. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच माग न लागणाऱ्या मेलची कल्पना मांडली होती. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या निम सर्व्हरने, म्हणजे टोपणनावाने मेल देणाऱ्या सर्व्हरने, परतीच्या वाटेचे थरावर थर कुलूपबंद करून ठेवले, म्हणजे सर्व्हरलाही पत्र शेवटी कुणाकडे जातं ते कळू नये. पण त्यातही फट राहते. एखाद्याने टोपणपत्त्यावर एकदम मेलचा मारा केला आणि दुसऱ्या टोकाला कुणाकडे मेलचा लोंढा येतो ते पाहिलं, की संपलं. यावर यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या सार्वजनिक चर्चाफलकांवर, एक रांगडा उपाय चालला. गावाची सगळी पत्रं चावडीवर ठेवायची, प्रत्येकाने सगळा गठ्ठा घरी न्यायचा आणि आपल्या किल्लीने उघडेल तेवढं वाचायचं. कोण कशासाठी आलं ते कुणालाच कळत नाही. फक्त गठ्ठा उचलण्यात डेटा फार जातो.

२००५ मध्ये लेन सॅसमन, ब्रॅम कोहेन आणि निक मॅथ्यूसन यांनी ‘पिंचन गेट’ ही रचना मांडली. त्यात सगळ्यांची पत्रं एकाच मापाच्या कप्प्यांत भरतात आणि त्या कप्प्यांच्या तंतोतंत प्रती अनेक सर्व्हरांवर ठेवतात. मी प्रत्येक सर्व्हरला कप्प्यांची एक यादी पाठवायची. एकेकटी पाहिली तर ती कशीही निवडल्यासारखी, यादृच्छिकच दिसते. सर्व्हर त्या कप्प्यांतले बिट एकमेकांत एक्सऑर करून (दोन बिट सारखे तर शून्य, वेगळे तर एक) एकच कप्पा परत देतो. सगळी उत्तरं घरी पुन्हा एक्सऑर केली की नको असलेले कप्पे एकमेकांना रद्द करतात आणि माझा तेवढा उरतो. सर्व्हरांपैकी एक जण जरी बाकीच्यांना सामील नसला, तरी मी काय उचललं ते कुणालाच कळत नाही. आणि पत्रं असोत वा नसोत, प्रत्येकाने दर फेरीला ठरलेल्या मापानेच उचलायचं. हे वाचलं तेव्हा मी खरंच उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

ही रचना माझ्या वापरात नाही, पण तिच्यातला शेवटचा नियम मी उचलला. घरातला एक जुना लॅपटॉप ठरलेल्या वेळी टॉरवरून मेल उतरवतो, आलेली असो वा नसो. मी वाचते सवडीने, इंटरनेट बंद करून. उत्तर त्याच दिवशी कधीच देत नाही. ते रांगेत पडतं आणि पुढच्या ठरलेल्या वेळी जातं. फोनवर ही मेल अजिबात नाही. पुश नोटिफिकेशन गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरमधून जातं, आणि सरकारं ती माहिती मागवतात हे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडेन यांच्या पत्रातून उघड झालं आहे. मेलबॉक्सवाल्याला किती पत्रं आली हे दिसतं, तेवढी उणीव राहते.

ठरलेल्या वेळेचं महत्त्व मला इथल्या लाईटमुळे पटलं. राजारामपुरीत लाईट गेली आणि त्याच वेळी एखादं टोपणनाव गप्प झालं, असं पुन्हा पुन्हा झालं तर लक्ष ठेवणाऱ्याला शोधायचा भाग कमी होत जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचे कितीतरी भाग अंधारात होते. तेवढे दिवस गप्प राहणारा माणूस कुठला, हे सांगायला पत्ता लागत नाही. म्हणून मी सदराखाली ‘उत्तराला आठवडा लागू शकतो’ असं कायमचं छापून घेतलं आहे, आणि लाईट असतानाही अधूनमधून आठवडा लावते.

व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरमधून इंटरनेट वापरायची सेवा, लावली की झालं, असं ओळखीतले बरेच जण सांगतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवांनी ग्राहकाचं नाव, पत्ता आणि आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) पाच वर्षं जपायचा असतो. म्हणजे पुन्हा तक्ताच.

पत्र पाठवणाऱ्यांचं मला जास्त वाईट वाटतं. ही सगळी यंत्रणा माझी ओळख जपते, त्यांची नाही. शिरोळ-हातकणंगल्याकडून येणारी मेल बहुतेक वेळा पुतण्याच्या जीमेलवरून येते, खाली त्याचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. सोबत काटापावतीचा फोटो. मूळ फाइल जोडलेली असेल तर फोटो कुठे काढला ते सांगणारे जीपीएसचे आकडे त्यातच असू शकतात. आलेल्या प्रत्येक फोटोतला मेटाडेटा, म्हणजे अशी लपलेली माहिती, मी साठवण्याआधी पुसते, पावती क्रमांक झाकते, आणि मूळ मेल ऑफलाइन कुलूपबंद ठेवून सर्व्हरवरून काढून टाकते. पत्र कसं पाठवावं याच्या चार ओळीही आता सदरात असतात. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तो मागणाऱ्याला नाव लपवावं लागू नये. पण लागतं, तोवर त्याला नीट लपता यावं असं मला वाटतं.

तक्रारी दोन. काही मोठ्या मेलसेवांकडून आलेली पत्रं पुढे पाठवताना स्पॅममध्ये पडतात, कारण मध्यस्थामुळे पाठवणाऱ्या सर्व्हरची ओळख जुळत नाही. स्पॅमचा फोल्डर त्यामुळे प्रत्येक वेळी बघावाच लागतो. दुसरं, मोठी जोडपत्रं टॉरवरून उतरायला फार वेळ घेतात, आणि हंगाम भरात असतो तेव्हा हे जाणवतं.

नुसत्या जाहिराती टाळायच्या असतील तर एवढा खटाटोप नको, साधी एलियस सेवा घ्या आणि मोकळे व्हा. गावात राहून गावाबद्दल लिहिणाऱ्याने मात्र ठरलेल्या वेळी मेल उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, त्याला एक पैसाही लागत नाही. मी वर्गणी पुढच्या हंगामासाठी भरली आहे. दसऱ्याच्या आधी लॅपटॉपची बॅटरी तेवढी बदलायची आहे.