मेमटेस्ट८६ प्लस: कंपायलर दर वेळी वेगळ्याच फाइलवर आपटत असेल तर आधी हे चालवा

ज्यांना लिनक्सवर मोठे प्रोजेक्ट सोर्समधून बिल्ड करावे लागतात त्यांच्यासाठी लिहितोय. बिल्ड छान चाललेला असतो आणि मध्येच जीसीसी (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट असं म्हणून बंद पडतो, परत निंजा (बिल्ड चालवणारी कमांड) मारलं की तीच फाइल निमूटपणे कंपाइल होते आणि पुढे जाऊन भलतीच फाइल मरते. माझ्याकडे एलएलव्हीएम (कंपायलर बनवायचा एक मोठा प्रोजेक्ट) बिल्ड करताना हेच चालू होतं. अशा वेळी लोक कंपायलरचं व्हर्जन बदलतात, कॅश उडवतात, अगदी डिस्ट्रोसुद्धा नवीन टाकतात. माझं मत अगदी स्पष्ट आहे, क्रॅश जागा बदलत असेल तर कोडला हात लावू नका, आधी रॅम तपासा, आणि त्यासाठी मेमटेस्ट८६ प्लसइतकं भरवशाचं फुकट टूल मी तरी बघितलेलं नाही.

त्याआधी एक मिनिटाचं काम मात्र करा, डीमेसेज (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी कमांड) बघा. तिथे आउट ऑफ मेमरी आणि सीसी१प्लस (जीसीसीचाच सी++ कंपाइल करणारा भाग) किल्ड असं दिसलं तर रॅम खराब नाहीये, कमी पडतेय. सोळा जॉब (एकाच वेळी चालणारी कंपाइलची कामं) एकदम लावलेत आणि मशीनमध्ये रॅम ८ जीबी, तर कर्नल कोणाला तरी मारणारच. जॉब कमी करा, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा, एलएलव्हीएम असेल तर लिंकिंगचे (कंपाइल झालेले तुकडे जोडायचे) जॉब वेगळे कमी करता येतात. आणि दर वेळी त्याच फाइलच्या त्याच ओळीवर मरत असेल तर तो बहुतेक कंपायलरचाच बग, तो रीतसर रिपोर्ट करा. बऱ्याच डिस्ट्रोंमधला जीसीसी क्रॅश झाल्यावर तीच कमांड स्वतः परत चालवून बघतो आणि निकाल वेगळा आला तर चक्क सांगतो की हा बग पुन्हा घडत नाहीये, हार्डवेअर किंवा ओएसचा प्रॉब्लेम असावा. ही ओळ दिसली तर ती मनावर घ्या.

बाकी सगळं नीट चालतं आणि कंपायलरच का मरतो, हे खूप जण विचारतात. फोटोमधला एक बिट उलटला तर एखादा पिक्सेल बिघडेल, कोणाला कळणारही नाही. कंपायलर मात्र मेमरीत पॉइंटरचं प्रचंड जाळं विणतो, त्यातल्या एका पॉइंटरचा एक बिट फिरला की पत्ता कुठल्या कुठे जातो आणि सिग्नल ११, म्हणजेच सेगमेंटेशन फॉल्ट, येतो. त्यात सगळे कोर एकदम लावले की एरवी रिकामे पडून असलेले रॅमचे कोपरेही वापरात येतात.

आता टूलबद्दल. डेबियन, उबुंटूवर पॅकेज टाकलं की ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूतच दिसतं, नाहीतर पेनड्राइव्हवर टाकून बूट करा. जुनं ५ नंबरचं व्हर्जन यूईएफआयवर (नव्या मशीनमधलं जुन्या बायॉसच्या जागचं फर्मवेअर) चालायचं नाही, ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.०० आलं ते जवळपास नव्याने लिहिलेलं आहे आणि नव्या मशीनवर व्यवस्थित बूट होतं. पासमार्कचं मेमटेस्ट८६ वेगळं हां, मूळ एकच पण ते आता क्लोज्ड सोर्स आहे आणि फुकट व्हर्जनमध्ये चारच पास (सगळ्या टेस्टची एक पूर्ण फेरी म्हणजे एक पास) मिळतात. प्लसवाल्याला तसली मर्यादा नाही, लायसन्सही जीपीएल. मला सिक्युअर बूट (सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी सेटिंग) बंद करावं लागलं, हे थोडं कटकटीचं वाटलं.

चालू केलं की निळ्या स्क्रीनवर टेस्ट एकामागून एक सरकत राहतात. माझ्याकडे पहिला पास स्वच्छ गेला, नंतर लाल ओळी यायला लागल्या. प्रत्येक ओळीत कुठला कोर, कुठली टेस्ट, फेल झालेला पत्ता, काय अपेक्षित होतं आणि काय सापडलं. दोन्ही आकडे एकाखाली एक धरून बघितले तर फरक फक्त एका बिटाचा, आणि प्रत्येक ओळीत तोच बिट. हे बघितल्यावर शंकेला जागाच राहत नाही. म्हणून एका पासवर थांबू नका, रात्रभर लावून ठेवा. एरर आले की बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम जाहिरातीतल्या जास्त स्पीडवर चालवणारी सेटिंग) बंद करून परत चालवा, कारण कधीकधी स्टिक चांगली असते, जाहिरातीतला स्पीडच तिला झेपत नाही. तरीही एरर आले तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळतं. मी लाल ओळींचा फोटो काढून वॉरंटीला दाखवला आणि वाद न होता रॅम बदलून मिळाली, किट (एकत्र विकलेली जोडी) असल्यामुळे दोन्ही स्टिक द्याव्या लागल्या. नव्या रॅमवर एलएलव्हीएम एका दमात बिल्ड झालं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. एरर आला म्हणजे मेमरीच्या वाटेवर दोष नक्की आहे, पण पास झालं म्हणजे मशीन निर्दोष असं नाही. २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या काही रायझन प्रोसेसरवर लिनक्समध्ये जोरात कंपाइल केलं की सेगफॉल्ट यायचे, एएमडीने ते मान्य करून प्रोसेसर बदलून दिले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपमध्ये व्होल्टेजचा घोळ निघाला, ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच बिघडलेली चिप मायक्रोकोडने सुधारत नाही. असले दोष मेमटेस्ट पकडेलच असं नाही, कारण खऱ्या बिल्डसारखा ताण प्रोसेसरवर तिथे येत नाही. मेमटेस्ट स्वच्छ आणि बिल्ड तरी मरतोय असं असेल तर आधी बायॉस अपडेट, ओव्हरक्लॉक बंद, मग स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरवर ताण टाकणारं टूल) व्हेरिफाय (निकाल तपासणारा पर्याय) लावून चालवा आणि तापमानावर लक्ष ठेवा.

लॅपटॉपवाल्यांसाठी अजून एक. रॅम बोर्डला सोल्डर केलेली असेल तर स्टिक बदलायचा प्रश्नच नाही. अशा वेळी एफ१ दाबून एरर रिपोर्ट बॅडरॅम किंवा मेममॅप प्रकारात घ्या, तो पॅटर्न ग्रबमध्ये टाकला की लिनक्स तेवढा तुकडा वापरतच नाही. ठरावीक पत्त्यांवरच एरर येत असतील तरच हे चालतं, सगळीकडे विखुरलेले असतील तर नाही. वॉरंटी असेल तर बदलूनच घ्या, पण संपलेली असेल तर बोर्डाचा खर्च करण्याआधी हे जरूर करून बघा.