पॉलिसॉर्बेट ८० आणि स्पॅन ८० ची जोडी: काही महिने वापरल्यानंतर

पाण्यात तेल धरून ठेवायचं असेल तर एक जोरकस इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, आणा, फाटलं तर प्रमाण वाढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. पॉलिसॉर्बेट ८० आणि स्पॅन ८०, म्हणजे सॉर्बिटन ओलिएट, ही जोडी काही महिने सलग वापरतोय. एकट्या पॉलिसॉर्बेटचं प्रमाण वाढवत नेण्यापेक्षा नीट जमवलेली जोडी बेताच्या प्रमाणातही कितीतरी जास्त टिकते.

माझं काम साध्या लोशनचं आहे. वजनाने २० टक्के हलकं लिक्विड पॅराफिन, ४ टक्के ही जोडी, थोडं प्रिझर्वेटिव्ह आणि उरलेलं पाणी. तेलही पातळ, दोन्ही इमल्सिफायरही पातळच, त्यामुळे काही वितळवावं लागत नाही. इमल्सिफायिंग वॅक्स वापरायचं तर तेल आणि पाणी दोन्ही ७० अंशांच्या आसपास तापवा, मग थंड होईपर्यंत ढवळत राहा, हा सगळा व्याप येतो. इथे तो नाही.

प्रमाण ठरवताना एचएलबीचा, म्हणजे इमल्सिफायरची ओढ पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती हे दाखवणारा, आकडा फार कामी येतो. ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये ही पद्धत मांडली. आकडा लहान असेल तर रेणूचा ओढा तेलाकडे, मोठा असेल तर पाण्याकडे. स्पॅन ८० चा आकडा ४.३, पॉलिसॉर्बेट ८० चा १५. पाण्यात लिक्विड पॅराफिन बसवायला साधारण १०-१२ लागतो. वजनाने ६० भाग पॉलिसॉर्बेट आणि ४० भाग स्पॅन घेतलं की ९ अधिक १.७२, म्हणजे १०.७ येतो. मी इथून सुरुवात केली, आजूबाजूची प्रमाणं करून पाहिली आणि याच्याच जवळ स्थिरावलो. हा आकडा दिशा दाखवतो, पण किती इमल्सिफायर लागेल ते सांगत नाही. ते बाटल्या भरून, ठेवून, बघूनच कळतं.

आता जोडीच का? इमल्सिफायरच्या रेणूला पाण्याकडे राहणारं डोकं आणि तेलात शिरणारं शेपूट असतं. पॉलिसॉर्बेटचं पाण्याकडचं डोकं फार मोठं, त्यामुळे थेंबाच्या पृष्ठभागावर हे रेणू दाटीने उभे राहू शकत नाहीत, मधे फटी राहतात. स्पॅनचं डोकं लहान, शेपूट मात्र तेच ओलिएटचं. ते त्या फटींत जाऊन बसतं आणि थेंबाभोवतीचं आवरण घट्ट होतं. दोन थेंब आदळले तरी एकमेकांत मिसळत नाहीत.

बनवताना मी दोन्ही इमल्सिफायर तेलातच घालतो. तेल किंचित गढूळ दिसतं. मग ढवळत ढवळत पाणी अगदी बारीक धारेने सोडायचं. सुरुवातीला मिश्रण जड होत जातं, ढवळणी ओढून धरल्यासारखी वाटते. अजून पाणी गेलं की एका क्षणी ते एकदम सैल पडतं आणि दुधासारखं पांढरं होतं. तोवर तेलात पाणी होतं, आता पाण्यात तेल आलं. हा टप्पा घाईने ओलांडू नका, थेंब बारीक होतात ते इथेच. एक थेंब पाण्याच्या ग्लासात टाकला की लगेच धुरासारखा पसरतो. तरंगत राहिला तर उलटापालट झालेलीच नाही.

बाटली ठेवल्यावर वरती दाट पांढरा थर आला तर लोक लगेच म्हणतात, फाटलं. तसं नसतं. ती साय आहे. थेंब वर चढलेत, पण शाबूत आहेत, बाटली दोनदा उलटी केली की पुन्हा एकजीव होतं. त्या थरावर चकचकीत तेल दिसलं तर मात्र थेंब फुटून एक झालेत, आणि ते नुसतं हलवून परत येत नाही. या दोन्ही गोष्टींवर उपाय वेगळे आहेत. तेल सुटत असेल तर इमल्सिफायरची जोडी तपासा. साय धरत असेल तर थेंब लहान करा किंवा पाणी घट्ट करा. थेंबाची त्रिज्या निम्मी झाली की वर चढायचा वेग एक चतुर्थांश होतो. मी ०.३ टक्के झँथन गम घालतो, त्याने साय धरायचं प्रमाण अगदी कमी झालं.

जास्त इमल्सिफायर घालण्याचा तोटाही इथेच कळतो. थेंबांवर जागा संपली की उरलेले रेणू पाण्यात मायसेल, म्हणजे आपापसात जमून अगदी बारीक गोळे, करून राहतात. ते फार झाले की थेंबांना एकमेकांकडे ढकलतात, थेंबांचे पुंजके होतात आणि उलट साय लवकर धरते. शिवाय लोशन चिकट लागतं आणि ढवळताना फेस होतो तो वेगळाच.

पाण्याच्या बाबतीत मात्र ही जोडी फार समजूतदार आहे. साबणावर धरलेलं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं असं मिश्रण, जड पाण्यात किंवा आंबटपणात लगेच कोलमडतं. या दोघांवर विद्युतभार नाही, त्यामुळे पाण्यातल्या कॅल्शियमचं किंवा थोड्या मिठाचं त्यांना फारसं काही वाटत नाही. सायट्रिक अ‍ॅसिडने पीएच ५.५ पर्यंत आणतो, तरी काही बिघडलं नाही.

तक्रारी आहेत. पॉलिसॉर्बेटला स्वतःचा एक वास आहे, बिनसुगंधी लोशनात तो जाणवतो. ओलिएटमुळे हवा लागली की ते हळूहळू ऑक्सिडाइझ होतं, म्हणून मोठा कॅन अर्धवट उघडा ठेवू नये. प्रिझर्वेटिव्ह म्हणून पॅराबेन वापरणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण त्यांचा बराचसा भाग मायसेलमध्ये अडकतो आणि जंतूंविरुद्ध कमी उरतो. लोशन दिसायला ठणठणीत, आतून मात्र बिघडलेलं, असं होऊ शकतं.

उष्णतेचाही प्रश्न आहे. तापमान वाढलं की पॉलिसॉर्बेटच्या डोक्याभोवतीचं पाणी सुटत जातं आणि पॉलिसॉर्बेट तेलाकडे झुकतं. म्हणून प्रत्येक नव्या प्रमाणाची एक बाटली मी ४५ अंशांवर ठेवतो, दुसरी गोठवून पुन्हा वितळवतो. नेहमीच्या तापमानात उत्तम दिसलेली काही प्रमाणं गोठवल्यावर तेल सोडून बसली. फार थंडीतून पाठवायचं लोशन असेल तर मी अजूनही वॅक्सचाच पर्याय घेतो.