पाठीवर किती, मागे किती: एफ-१५०चं इंजिन निवडताना

अमेरिकेत पिकअप घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "ओढते किती?" जाहिरातीतही तोच आकडा ठळक असतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी पेलोड पाहा, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडी स्वतःच्या पाठीवर किती वजन घेते ते. मागे ट्रेलर जोडला की त्याचा काही भार गाडीच्या पाठीवरच येतो.

उदाहरणार्थ, २०२१ची फोर्ड एफ-१५० ही पिकअप. २.७ लिटर टर्बो इंजिनाची गाडी जास्तीत जास्त १०,१०० पौंड ओढते, पाठीवर २,४८० घेते. ५.० लिटर व्ही-८चे आकडे १३,००० आणि ३,३२५. ३.५ लिटर टर्बोचे १४,००० आणि ३,२५०. हायब्रिडचे १२,७०० आणि २,१२०. या चौघांत टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, सर्वांत जास्त हायब्रिडचा, ५७० पाउंड-फूट, आणि पेलोड सर्वांत कमी! बॅटरी नि मोटरचं वजन गाडीच्या एकूण वजनमर्यादेतच धरलं जातं, म्हणून. शिवाय हे कमाल आकडे ठरावीक बांधणीच्या गाडीचे. दोन्ही एकाच गाडीत मिळतीलच असं नाही.

आता हिशेब मांडू. समजा हायब्रिडच्या दारावरच्या स्टिकरवर पेलोड १,५०० पौंड लिहिलाय आणि कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, आहे ७,००० पौंडांचा. अशा ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या जोडणीवर, टेकतं. १३ टक्के धरले तर ९१०. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून ५००. हिचचं लोखंड ८०. झाले १,४९०. उरलेल्या दहा पौंडांत कूलरमधला बर्फसुद्धा बसत नाही, आणि ट्रेलर तर १२,७००च्या जवळपासही नाही.

व्ही-८ की ३.५ टर्बो? कोलोरॅडोच्या डोंगरांत आय-७० महामार्गावरून आयझेनहावर बोगद्याकडे, ११,००० फुटांवर, ट्रेलर घेऊन चढायचं असेल तर मी डोळे झाकून टर्बो घेईन. विरळ हवेत या व्ही-८सारख्या बिनटर्बोच्या साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. टर्बो हवा दाबून आत घेतो, त्यामुळे त्याला ही झळ बरीच कमी लागते. सपाट मुलुखात हौद्यात फरशी, सिमेंट वाहायचं असेल तर व्ही-८ उत्तम. छोटी बोट ओढायला २.७ पुरते. ॲक्सलचं गुणोत्तरही विचारा, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते. इंजिन तेच असलं तरी ३.३१ आणि ३.७३मध्ये ओढण्याचा आकडा बदलतो.

शोरूममध्ये ड्रायव्हरचं दार उघडा, टायरच्या माहितीचं स्टिकर शोधा, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते वाचा, फोटो काढा. शेजारच्या तशाच दिसणाऱ्या गाडीचाही काढा. सनरूफ, पायदान असलं की तिथला आकडा कमी झालेला दिसेल.